पगार झाला की पपी?

होस्टेलवर प्लेसमेंटच्या गप्पा निघाल्या की यादी ठरलेली: बाईक, शेअरिंगमध्ये फ्लॅट आणि एक गोंडस पॉमेरेनियन. पहिल्या दोन गोष्टी बारा तास नुसत्या उभ्या राहू शकतात. तिसरी नाही!

साधं गणित मांडू. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरू शकत नाही. छोट्या जातीच्या पिल्लाचं पोटही एवढंसं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं, नाहीतर रक्तातली साखर उतरून ते गळून जातं, फिट्सही येऊ शकतात. आणि आपली शिफ्ट? दहा तास, वर हिंजवडीचा ट्रॅफिक. रात्री आल्यावर फरशी घाण दिसली की ओरडा मात्र त्यालाच!

"छोटा डॉग आहे, घरात राहील की" हे लॉजिक मला पटत नाही. आकार छोटा म्हणून गरजा छोट्या नसतात. दुपारी बघणारं कुणी असेल, वेगळ्या शिफ्टचा रूममेट किंवा शेजारच्या काकू, तर जरूर आणा. दुपारची एकच फेरी जमणार असेल तर पिल्लाऐवजी मोठा, शांत कुत्रा दत्तक घ्या. तेही जमत नसेल तर थांबा. पॉमेरेनियन बारा-पंधरा वर्षं आपल्याबरोबर राहतो. त्याच्यासाठी दोन वर्षं थांबलो तर काय बिघडलं?