तुरुंगाचा अभ्यास कोणी करावयाचा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण इतक्या निष्ठेने पाळली आहे की, त्या पायरीपलीकडे काय घडते हे जाणून घेण्याचीही गरज आपल्याला वाटेनाशी झाली आहे. पदवीधर माणसाला रिझर्व्ह बँकेचे व्याजदर ठाऊक असतात, राज्यपालांचे अधिकार ठाऊक असतात. परंतु कच्चा कैदी आणि पक्का कैदी यांत फरक काय, जातमुचलका म्हणजे काय, संचित रजा आणि अभिवचन रजा कशास म्हणतात, असे विचारले की तो गोंधळतो. वास्तविक पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्हींचा खर्च त्याच्याच करांतून चालतो. तरीही या व्यवस्थेचा अभ्यास हा वकिलांचा, पोलीस अधिकाऱ्यांचा, फार तर समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचा प्रांत आहे, अशी आपली समजूत आहे. ती सोडावयास हवी, आणि त्यासाठी कोणा नव्या पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरहून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. त्याच दिवशी सर्व तुरुंगांची मिळून क्षमता ४,३६,२६६ होती. म्हणजे एकही शिक्षा झालेला कैदी नसता, तरी केवळ कच्च्या कैद्यांनी आपले तुरुंग जवळजवळ भरले असते. शिक्षा भोगण्याची जागा म्हणून आपण ज्या संस्थेकडे पाहतो, ती मुख्यतः निकालाची वाट पाहण्याची जागा झाली आहे.

असे का व्हावे? गंभीर गुन्ह्यांचे खटले आणि न्यायालयांतील दिरंगाई ही कारणे आहेतच. पण त्यांच्या जोडीला दारिद्र्य आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याला जामीनदार म्हणून स्वीकारण्यात आले नव्हते. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, येथे स्वातंत्र्याला किंमत लावली जाते, आणि ती ज्याला परवडत नाही तो आत राहतो. त्याची बुडालेली मजुरी, घरच्यांचे कर्ज, मुलांची सुटलेली शाळा यांची नोंद सरकारच्या अंदाजपत्रकात कोठेही होत नाही.

अशा विषयात बाहेरच्या माणसाच्या अभ्यासाने काय साधणार, असे कोणी विचारील. इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा यांवर युगप्रवर्तक ग्रंथ लिहिणारा बेकारिया न्यायाधीश नव्हता, तुरुंगाधिकारीही नव्हता. पुढे तो मिलान येथे अर्थशास्त्र शिकवीत असे. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हा त्याचा विचार आजही शिळा झालेला नाही. आपल्याकडे १९७९ साली, कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील तुरुंग पाहून वृत्तपत्रात लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि त्यातून हुसैनआरा खातून खटला उभा राहिला. जलद न्याय हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हे तत्त्व त्या खटल्याने प्रस्थापित केले. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कैद्यांना जातीनुसार कामे वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्याच्या मुळाशी सुकन्या शांता या पत्रकाराने तुरुंगांच्या नियमपुस्तिका वाचून आणि माणसांशी बोलून केलेले लेखन होते. नियमपुस्तिका कोणालाही वाचता आल्या असत्या. एकीने त्या वाचल्या, एवढाच फरक.

तेव्हा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी स्वतःसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखावा, अशी माझी सूचना आहे. आरंभी कायद्याची परिभाषा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा वाचावा. त्यानंतर वर नमूद केलेला वार्षिक अहवाल घेऊन आपल्या राज्याची कोष्टके स्वतःच्या हाताने मांडावीत. न्या. मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल त्यासोबत वाचला, तर त्यातील किती शिफारशी कागदावरच राहिल्या हे कळेल. वृत्तपत्रे आणि नागरिक यांना तुरुंगांत वेळोवेळी प्रवेश असावा, असे त्या समितीनेच म्हटले होते. फौजदारी न्यायालयाचे कामकाज सामान्यतः खुले असते. सुटीच्या काही दिवशी तेथे मागच्या बाकावर बसून किती वेळा ‘पुढील तारीख’ पडते हे मोजावे. ज्यांना शिस्तबद्ध शिक्षण हवे, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा मार्ग आहे. त्या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे तुरुंगांतही चालतात. आतला माणूस भिंतीपलीकडच्या जगाचा अभ्यास करतो आणि बाहेरचा माणूस भिंतीआड डोकावतही नाही, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

गुन्हा ज्याच्यावर घडला त्याचे दुःख सोडून गुन्हेगाराचा कळवळा कशासाठी, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो प्रामाणिक आहे. पण वर्षानुवर्षे रेंगाळणारा खटला फिर्यादीलाही न्याय देत नाही. शिवाय बहुतेक कैदी कधी ना कधी सुटून आपल्याच गावात परत येतात. ते कसे परत यावेत, याचा विचार औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुली वसाहत वसवून केला होता. त्या प्रयोगावरून सुचलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट आपण आवडीने पाहिला. प्रयोग मात्र अभ्यासला नाही. अर्धवट ज्ञान घातक ठरेल, ही भीतीही दाखविली जाते. परंतु आज गुन्ह्यांविषयीचे आपले ज्ञान चित्रपट आणि सनसनाटी बातम्या यांवरच पोसलेले आहे. अहवाल वाचल्याने ते अधिक अर्धवट होण्याची शक्यता नाही.

या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग एकाच कलमावरून दाखविता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावयाचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा, म्हणजे मुदत एक वर्षाची. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळविण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. गर्दीने वाकलेल्या तुरुंगात ही तारीख नजरेतून निसटली, तर माणूस नाहक आत राहतो. त्रैराशिक शिकविणाऱ्या शिक्षकाला आणि सेवापुस्तके भरणाऱ्या कारकुनाला हा हिशोब म्हणजे हातचा मळ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अशा कामासाठी विधी स्वयंसेवक लागतातच.

महाविद्यालयांनी आपला वाटा उचलावा. नव्या शैक्षणिक धोरणाने समाजाशी संबंधित उपक्रमांना श्रेयांक देण्याची सोय केली आहे. तिचा उपयोग आज पुष्कळ ठिकाणी वृक्षारोपणाची छायाचित्रे चिकटविण्यापुरता होतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील कच्च्या कैद्यांच्या परिस्थितीवर मराठीत वीस पानांचा निबंध लिहिला, तर त्याचे श्रेयांक खऱ्या अर्थाने कमावलेले असतील. तुरुंगाच्या भिंती उंच असणे समजू शकते. त्यांच्याविषयीचे आपले अज्ञानही तितकेच उंच असावे, याला मात्र कोणताही कायदा आपल्याला भाग पाडीत नाही.