बीं कोणाचें?

आम्ही पेशानें गांवचे मास्तर. ‘जुनें बीं टाका, सुधारलेलें आणा’ असें वर्षानुवर्षें सांगत आलों. परवां तीन मिनिटांचा ‘सीड मदर’ हा बोलपट पाहिला आणि आमची आम्हांसच लाज वाटली.

अच्युतानंद द्विवेदी यांच्या या बोलपटास २०१९ सालीं फ्रान्स देशांत कान शहरीं तिसरें बक्षीस मिळालें. त्यांत अकोले तालुक्यांतल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. महादेव कोळी समाजाच्या या बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं. पण डोंगरच्या मातीला नि पावसाला सरावलेलें वालाचें, भाताचें गांवठी बीं त्यांनीं जपलें. २०२० सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री जाहीर केली.

संकरित बियांची गोम अशी कीं, घरचे दाणे फिरून पेरले तर पीक एकसारखें येत नाहीं. म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी, आणि तेथूनच उधारीची वही! २००१ च्या कायद्यानें आपलें बीं राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाहि हक्क शेतकऱ्यास दिला आहे. कंपनीसारखा छाप मारून मात्र विकतां येत नाहीं. पण कणगींत बींच उरलें नाहीं, तर हा हक्क काय चुलींत घालावयाचा?

आमच्या घरचें वालाचें बीं मातोश्रींमागें गेलें. कोणाकडे मूठभर गांवठी असल्यास कळवावें. आम्ही स्वतः येऊन नेऊं.