उद्यानात मरते कोण?

उद्यानात घडणाऱ्या अनर्थाच्या चित्रपटांविषयी आपल्याकडे काही लिहिले-बोलले जाते तेव्हा शाळेच्या निबंधवहीतला एक जुना विषय वेष पालटून हजर होतो : 'विज्ञान – शाप की वरदान?' 'ज्युरासिक पार्क' (१९९३) हिंदीत भाषांतरित होऊन १९९४ साली भारतभर पोहोचला, तेव्हापासून त्याचे हेच तात्पर्य सांगितले जात आहे. मानवाने निसर्गाच्या कामात ढवळाढवळ केली, निसर्गाने सूड उगवला, मानवाचा अहंकार उतरला. हे वाचन सोयीचे आहे, सभ्य आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. मात्र चित्रपटात प्रत्यक्ष काय घडते याच्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पडद्यावरच्या मृतांची साधी मोजदाद करून पाहू. स्पीलबर्गच्या या चित्रपटात पाच माणसे मरतात. पहिला, अगदी आरंभीच, पिंजऱ्याचे दार वर उचलणारा मजूर. नंतर संगणकप्रणाली लिहिणारा नेड्री, गुंतवणूकदारांचा वकील जेनारो, नियंत्रणकक्षातला अभियंता अर्नोल्ड आणि प्राण्यांवर देखरेख ठेवणारा मल्डून. पाचही जण कोणाच्या ना कोणाच्या पगारावर वा मानधनावर तिथे आलेले आहेत. जे वाचतात त्यांत पाहुणे म्हणून बोलावलेले शास्त्रज्ञ आहेत, मालकाची नातवंडे आहेत आणि स्वतः मालक हॅमंड आहे. ज्याच्या अहंकाराची कथा म्हणून आपण हा चित्रपट शिकवतो, तो हेलिकॉप्टरमध्ये बसून सुखरूप परततो. मग अहंकार उतरला कोणाचा, आणि त्याची किंमत मोजली कोणी?

हा योगायोग मानावा, तर मूळ कादंबरी आडवी येते. मायकेल क्रायटनच्या १९९० सालच्या कादंबरीत हॅमंड मरतो. आपण निर्माण केलेल्या चिमुकल्या, क्षुद्र भासणाऱ्या डायनासोरांकडूनच मरतो. वकील जेनारो मात्र तिथे बेटावरून जिवंत परततो. चित्रपटाने ही वाटणी नेमकी उलटी केली. रिचर्ड ॲटनबरोच्या प्रेमळ आजोबा-मुद्रेने मालकाला क्षमा मिळवून दिली आणि वकिलाला शौचकूपावर बसवून मारले, प्रेक्षकांनी हसावे अशा बेताने. रूपांतरातला हा फेरफार तंत्रापुरता मानता येत नाही. दोष कोणाच्या माथी मारायचा, याचा तो निर्णय आहे.

यावर असे म्हटले जाईल की चित्रपटातला मॅल्कम हा गणितज्ञ तर वारंवार मानवी अहंकाराचीच चिकित्सा करतो. करतो खरी. पण पात्र काय बोलते आणि कथानक काय करते, यांत भेद करणे हा तर आपल्या अध्यापनातला पहिला धडा. मॅल्कमचे भाकीत खरे ठरते ते प्रजननाच्या बाबतीत : केवळ माद्याच जन्माला घातलेल्या त्या बेटावर ग्रँटला अंड्यांची कवचे सापडतात. तथापि त्या अंड्यांतून बाहेर पडलेले एकही पिल्लू पडद्यावर कोणाला मारत नाही. कुंपणातली वीज जाते ती नेड्रीने भ्रूण चोरण्यासाठी यंत्रणा बंद केल्यामुळे. आणि नेड्री हे का करतो? तो पैशांच्या अडचणीत आहे, कामाच्या मानाने मोबदला तुटपुंजा असल्याची तक्रार त्याने केलेली आहे, आणि मालकाने ती झटकून टाकलेली आहे. कशातच काटकसर केली नाही, असे पालुपद लावणाऱ्या हॅमंडचे अवघे उद्यान मोजक्या माणसांत चालावे अशा रीतीने उभारलेले आहे. ही काटकसर आपल्याला दिसत नाही, कारण ती माणसांच्या बाबतीत केलेली आहे. पहिल्या मजुराचेही तसेच. त्याच्या मरणानंतर चर्चा होते ती त्याच्या कुटुंबाने लावलेल्या २ कोटी डॉलरच्या दाव्याची. तज्ज्ञांना बेटावर बोलावले जाते तेही या दाव्याने धास्तावलेल्या गुंतवणूकदारांचे समाधान व्हावे म्हणून. एका मजुराचा मृत्यू हाच कथेचा आरंभबिंदू असताना आपल्या विवेचनांत त्याचा उल्लेखही सापडू नये, हे वाचनातले मोठे न्यून आहे.

क्रायटनने स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'वेस्टवर्ल्ड'मध्ये (१९७३) असा पक्षपात नव्हता. दिवसाला १,००० डॉलर मोजणारे पाहुणेही तिथे यंत्रमानवांच्या हातून मरतात आणि वीज तोडल्यावर दारे बंद झालेल्या नियंत्रणकक्षात तंत्रज्ञही गुदमरून मरतात. त्याच वर्षी जॉर्ज रोमेरोने 'द अम्यूझमेंट पार्क' केला. वृद्धांच्या हेळसांडीवर एका ल्यूथरन सेवासंस्थेने करवून घेतलेला आणि पिट्सबर्गजवळच्या वेस्ट व्ह्यू पार्कमध्ये चित्रित झालेला हा चित्रपट अनेक दशके विस्मृतीत गेला होता. त्याची दुरुस्त प्रत २०१९ मध्ये पुढे आली. त्यात राक्षस नाही, यंत्रही बिघडत नाही. तिकिटाच्या खिडकीवर म्हातारी माणसे आपल्या जवळच्या वस्तू कवडीमोलाने देऊन तिकिटे घेतात आणि पांढऱ्या सुटातला एक वृद्ध गर्दीत दिवसभर ढकलला, लुटला, मारला जातो. पाळणे मात्र वेळेवर फिरत राहतात. उद्यान सुरळीत चालू असणे हेच इथले भय आहे. 'निसर्गाचा सूड' हे सूत्र या चित्रपटापुढे मुके होते, आणि म्हणूनच या प्रकाराचा विचार रोमेरोपासून सुरू करावयास हवा.

'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये (२०१५) मालक मरतो की, असा आक्षेप कोणी घेईल. इरफान खानने साकारलेला मसरानी मरतो हे खरे. पण तो संकटावर चालून जाताना, हेलिकॉप्टर स्वतः हाकत, वीरासारखा मरतो. त्याच चित्रपटात दुसऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम माथी आलेली झारा ही साहाय्यक उडत्या प्राण्यांकडून आकाशात झेलली-फेकली जाते आणि शेवटी पाण्यातल्या प्राण्याच्या तोंडी जाते. मालकाच्या मरणाला प्रतिष्ठा, नोकराच्या मरणाचा खेळ, ही विभागणी बावीस वर्षांनीही कायमच आहे.

करमणुकीच्या चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला, असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९६ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत याच चित्रपटावर बेतलेली सफर खरोखरीच्या प्रेक्षकांसाठी सुरू झाली. उद्यान कोसळण्याची कथा तिकीट लावून उद्यानातच विकली गेली. चित्रपट खरोखर उद्यानाच्या विरोधात असता, तर हा व्यवहार इतका सहज जुळला नसता. तो जुळला, कारण चित्रपटाने मालकाला आधीच निर्दोष सोडले होते.

'मानवाचा अहंकार' या शब्दप्रयोगातला 'मानव' फार लबाड आहे. मालक, मजूर, पाहुणा आणि साहाय्यक या सर्वांना तो एका ओळीत उभे करतो आणि गुन्हा सर्वांवर सारखा वाटून देतो. चित्रपट मात्र मरण सारखे वाटत नाही. तेव्हा हे चित्रपट वर्गात दाखवताना, लेखकाला काय सांगायचे आहे, हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि विद्यार्थ्यांना एक तक्ता करावयास सांगावे : कोण मेले, ते तिथे कोणाच्या कामाला होते आणि त्यांच्यामागे पडद्यावर कोणी रडले काय? तिसरा रकाना बहुतांशी कोरा राहील. चर्चा त्या कोऱ्या रकान्यापासून सुरू व्हावी.