चित्र अडते कोठे?

संगणकावर एखादी चित्रफीत लावावी आणि पडदा काळाच राहावा. चित्र दिसावे पण आवाज नसावा. किंवा बोलणाऱ्याचे ओठ आधी हलावेत व शब्द मागाहून ऐकू यावेत, हा अनुभव आज बहुतेक घरांत येतो. अशा वेळी दोनच उद्गार कानी पडतात : 'फाईल खराब आहे' आणि 'संगणक जुना झाला'. पहिल्या उद्गारापायी आजोबांचा आवाज असलेली एकुलती एक फीत पुसली जाते. दुसऱ्यापायी घरातला पैसा व्यर्थ खर्च होतो. आमच्या मते हे दोन्ही निकाल बहुधा चौकशीवाचून दिलेले असतात, आणि ती चौकशी शाळकरी मुलालाही करता येण्याजोगी आहे.

प्रथम चित्रफीत म्हणजे काय ते पाहू. 'एमपी४' किंवा 'एमकेव्ही' ही नावे केवळ पेटीची होत. पेटीच्या आत चित्र निराळे व ध्वनी निराळा भरलेला असतो, आणि दोहोंचाही संक्षेप केलेला असतो. हा संक्षेप का लागतो, ते गणितानेच पटेल. १९२० × १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूस ३ बाइट, म्हणजे ६२ लाखांहून अधिक बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली, तर एका मिनिटाचे सुमारे ९३३ कोटी बाइट होतात! एवढा भार कोणता मोबाइल वाहील? म्हणून संक्षेपाच्या ठराविक पद्धती निघाल्या. त्यांना 'कोडेक' म्हणतात. २००३ साली एच.२६४, २०१३ साली एच.२६५ आणि २०१८ साली एव्ही१ अशा त्या पुढे येत गेल्या. प्लेअरचे काम असे की, पेटी उघडावी, चित्र व ध्वनी वेगळे करावे, दोहोंचा संक्षेप उलगडावा, आणि एक पडद्याकडे व दुसरा ध्वनिक्षेपकाकडे वेळ जुळवून पाठवावा. ह्यांपैकी एक पायरी चुकली की सारे बिघडल्यासारखे भासते.

तेव्हा खरा प्रश्न 'कोठे अडले?' हा होय. त्याकरिता तीन कसोट्या पुरेत. त्याच प्लेअरमध्ये दुसरी फीत लावावी. तीच फीत दुसऱ्या प्लेअरमध्ये लावावी. आणि तीच फीत दुसऱ्या संगणकावर लावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मात्र मोडू नये. प्रयोगशाळेत आपण तो पाळतो, तसाच येथेही पाळावा. कोणत्याच फितीला आवाज नसेल, तर दोष फितीत नव्हे. बहुधा आवाज पूर्वी जोडलेल्या दूरदर्शन संचाकडे वा बिनतारी इअरफोनकडे जात असतो. एकाच फितीला आवाज नसेल, तर तिचा ध्वनी-कोडेक त्या प्लेअरला उलगडत नसावा. ओठ व शब्द जुळत नसतील, तर बिनतारी इअरफोन काढून पाहावे. त्यांत ध्वनी किंचित उशिरा पोहोचतो. पेन ड्राइव्हवरची फीत अडखळत असेल, तर ती आधी संगणकात उतरवून घ्यावी. चित्रावर हिरवे पट्टे उमटत असतील, तर प्लेअरमधील 'हार्डवेअर डीकोडिंग' ही सोय बंद करून पाहावी.

काही विद्यार्थी फाईलच्या नावाचे शेपूट बदलतात आणि 'एमकेव्ही'चे 'एमपी४' झाले असे समजतात. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली डाळ बदलत नाही! ह्याहून घातक सवय दुसरी आहे. अडचण आली की कोठल्याशा अनोळखी ठिकाणाहून 'कोडेक पॅक' उतरवून घ्यायचा. अशा फुकटच्या गाठोड्यांतून संगणकास उपद्रव देणारे प्रोग्रॅम घरात शिरू शकतात. वास्तविक त्यांची गरजही क्वचितच असते. पॅरिसच्या एकोल सेंत्राल ह्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा प्लेअर निघाला, आणि २००१ पासून तो सर्वांस मुक्त आहे. प्रचलित कोडेक त्याच्या पोटातच असतात. तो त्याच्या कर्त्यांच्याच स्थळावरून घ्यावा, म्हणजे झाले.

आता पुसून टाकण्याविषयी. चित्रण चालू असता मोबाइलची बॅटरी संपली, तर एमपी४ फाईल पुष्कळदा उघडत नाही. कारण असे की, कोणते चित्र कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, आणि ती लिहावयाचीच राहून जाते. पाने शाबूत, पण अनुक्रमणिका नाही, अशी ती स्थिती होय. त्याच मोबाइलवर घेतलेली दुसरी चांगली फीत आधारास घेऊन अशी फाईल कित्येकदा दुरुस्त करता येते. म्हणून मूळ प्रत कधीही पुसू नये. जे प्रयोग करावयाचे ते नकलेवर करावेत.

कोणी म्हणतील, 'हे कारागिराचे काम. मुलांनी अभ्यास करावा.' डिस्कमधून खडखड आवाज येत असेल, तर ती त्वरित बंद करून जाणत्याकडे न्यावी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु लक्षण पाहून कारणाचा तर्क करणे आणि तो तर्क पडताळणे ह्यालाच आपण विज्ञानाच्या तासाला अभ्यास म्हणतो. मग तोच घरी केला असता वेळेचा अपव्यय कसा ठरतो?

पालकांस आमची विनंती एवढीच की, पाल्य 'चालत नाही' म्हणून आला, तर लगेच दुकानाची वाट धरू नये. 'कोणत्या फितीत? कोणत्या प्लेअरमध्ये? काय करून पाहिलेस?' हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, त्यांची उत्तरे वहीत लिहून मगच मदत मागा. जाणत्या माणसालाही त्या टिपणाने निम्मे काम सोपे होईल.