कमकुवत झालेलं वादळ

शिवार आणि आभाळ / बोरगावकर

ऑक्टोबर लागला की आमच्या ओसरीवरच्या रेडिओत अंदमान यायला लागतं. अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, पुढच्या 48 तासांत तीव्र होण्याची शक्यता, बेटांवर जोरदार वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. शेजारचे मामा कान देऊन सगळं ऐकतात. मध्य प्रदेशातल्या आमच्या बोरगावात समुद्रावर जाणारा एकही मच्छीमार नाही. कन्हान नदीच्या डोहात गळ टाकून बसणारे चार-दोन आहेत, पण ते रेडिओला विचारून बसत नाहीत. बातमी संपली की मामांचा ठरलेला प्रश्न, "तिकडं आलं तं आपल्याले काय जी?"

प्रश्न रास्त आहे. इथून विशाखापट्टणमचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरांच्या वर. अरबी समुद्रही साधारण तेवढाच लांब. बेटावरच्या माणसाला वादळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: फेरीबोटी बंद, पत्रे उडालेले, लाटा घरात. आम्ही सातपुड्याच्या कुशीत बसलेली माणसं. आमच्याकडे लाट फक्त उन्हाळ्यात येते, तीही उष्णतेची.

मामांना उत्तर द्यायला मला 2014 सालचं हुदहुद बरं पडतं. 8 ऑक्टोबरला ते अंदमानातल्या लाँग आयलंडवरून गेलं आणि 12 तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. ताशी 170-180 किलोमीटरचा वारा, विमानतळाचं छप्पर उडालेलं, शहर अंधारात. मग बातमी आली की वादळ कमकुवत झालं, आणि टीव्हीवाल्यांनी गाड्या परत फिरवल्या. कमकुवत झालेलं ते वादळ छत्तीसगड, आपल्या मध्य प्रदेशचा पूर्व भाग, उत्तर प्रदेश असं चालत 14 तारखेला नेपाळात पोचलं. अन्नपूर्णाच्या वाटेवर थोरोंग ला नावाची साडेपाच हजार मीटरच्या आसपास उंचीची खिंड आहे. तिथे बंगालच्या उपसागरातली ती वाफ बर्फ होऊन कोसळली. किमान 43 माणसं गेली. गिर्यारोहक, वाटाडे, याकवाले. समुद्र त्यांच्यापासून आमच्याहूनही लांब होता.

दुसरं उदाहरण घरच्या अंगणातलं. 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी गुलाब नावाचं वादळ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. (नाव पाकिस्तानने सुचवलेलं. या भागातले 13 देश आपापल्या नावांची यादी देतात आणि ती पाळीपाळीने वापरतात. एवढं सौजन्य एरवी कुठे दिसत नाही.) वादळ म्हणून गुलाब किरकोळच; वारा ताशी 75 ते 85 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ते कमकुवत झाल्याचं जाहीर झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, 28 तारखेला, मराठवाडा पाण्याखाली होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, आणि उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली. उरलेलं गुलाब गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरलं, तिथे गरम पाणी पिऊन पुन्हा उभं राहिलं, शाहीन असं नवं नाव घेतलं आणि 3 ऑक्टोबरला ओमानला जाऊन आदळलं. मेलेलं म्हणून ज्याला टाकून दिलं, ते दोन देश हिंडून आलं.

घोळ "कमकुवत" या एका शब्दात आहे. वादळाचा दर्जा ठरतो वाऱ्यावरून. ताशी 62 किलोमीटरला पोचलं की चक्रीवादळ आणि नाव. 31 च्या खाली उतरलं की नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. त्या मोजमापात पावसाला जागाच नाही. वादळाचं इंधन गरम समुद्राची वाफ. जमिनीवर आलं की तो पुरवठा तुटतो, झाडं-डोंगर-घरं वाऱ्याला अडवतात, फिरकी मंदावते. पण पोटात घेतलेलं पाणी कुठे जाणार? ते घेऊन ते रेंगाळत चालतं, आणि रेंगाळणारं वादळ पळणाऱ्यापेक्षा वाईट, कारण ते एकाच शिवारावर जास्त वेळ थांबतं. पुढे सातपुड्याची चढण लागली की ढग वर ढकलले जातात आणि ओलं धोतर पिळावं तसे पिळले जातात. वारा कमकुवत झाला हे खरंच असतं. पावसाबद्दल कोणी काही म्हटलेलंच नसतं.

किनाऱ्यावर जे जमलं त्याचं कौतुक करायलाच हवं. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. 2013 मध्ये त्याच ओडिशात फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे इशाऱ्यांनी केलं. हवामान खात्याचे हे इशारे चार पायऱ्यांचे असतात. पहिल्या तीन किनाऱ्यासाठी. चौथी मात्र आमच्यासाठी आहे: वादळ जमिनीवर यायच्या निदान 12 तास आधी, ते पुढे कुठे सरकेल आणि आतल्या जिल्ह्यांत काय करेल याचा अंदाज काढला जातो. म्हणजे कागद निघतो. तो बोरगावच्या फाट्यापर्यंत येत नाही, एवढंच.

न येण्यामागे आमची एक खास अडचण आहे. आम्ही बोलतो मराठी, वाचतो नागपूरचा पेपर. त्यात विदर्भाचा अंदाज असतो. नकाशात सावनेर-काटोलपर्यंत रंग भरलेला आणि त्याच्या वर पांढरी जागा. त्या पांढऱ्या जागेत सौंसर, पांढुर्णा, आम्ही सगळे. आमचा अंदाज निघतो भोपाळहून, हिंदीत, आणि भोपाळला पाऊस आला तर त्याची बातमी मोठी होते. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मला वाटलं की आता निदान आपल्या नावाची एक ओळ येईल. ओळ येते, "कहीं कहीं गरज-चमक के साथ वर्षा" अशी. कहीं कहीं म्हणजे कोणाच्या वावरात, हे ज्याने त्याने ठरवायचं.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आमचं सगळं उघड्यावर असतं. सोयाबीन सोंगून गंजीला लागलेलं, तुरीला फुलोरा, अंबिया बहाराची संत्री रंगावर आलेली, कापसाची पहिली वेचणी. कापूस फार भोळं पीक. ढग आले तरी उमललेलं बोंड परत मिटत नाही. एक रात्र भिजलं की रुई पिवळी पडते, दोन दिवस भिजलं की सरकीला बोंडातच कोंब फुटतात. मग सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर काटा नंतर, आधी ओलावा मोजायचं यंत्र. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, 12 च्या वर गेला की गाडी परत. वारा ताशी 30 होता की 180, हे तिथे कोणी विचारत नाही.

संत्र्याचं नुकसान उशिरा कळतं. पाऊस थांबून ऊन पडतं, माणूस सुटलो म्हणतो, आणि आठवड्याने जमिनीलगतच्या फांद्यांची फळं तपकिरी पडून गळायला लागतात. मातीतली बुरशी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडालेली असते.

एका वर्षी मी स्वतः मामांना म्हणालो होतो, वादळ विरलं, रेडिओवर आत्ताच सांगितलं. गंजीवरची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली होती. ते ती सुतळीने शिवायला घेणार होते, माझं ऐकून ठेवून दिली. तिसऱ्या रात्री पाऊस लागला तो दीड दिवस. उघडल्यावर आम्ही दोघं वावरात गेलो. गंजी वरून ठीक दिसत होती. मामांनी बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "पाह्य." मी हात घातला. आत कोमट होतं, तापलेल्या माणसाच्या काखेसारखं. मूठभर शेंगा बाहेर काढल्या तर दाणे फुगलेले, काहींतून पांढरं शेपूट बाहेर आलेलं, वास आंबूस. मामा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पीक विम्याच्या कलमांत, कापून शेतात सुकायला ठेवलेल्या पिकाला 14 दिवस संरक्षण आहे, आणि कारणांमध्ये चक्रीवादळाने आलेला पाऊस हे शब्द लिहिलेले आहेत. म्हणजे विम्याच्या कागदाला माहीत आहे की वादळ समुद्रकाठीच संपत नाही. अट एवढीच की 72 तासांत कळवायचं. पावसात मोबाइलचा टॉवर झोपलेला, पटवारी चार गावांचा, आणि नुकसान वादळाने झालं हे खुद्द शेतकऱ्यालाच माहीत नाही, कारण त्याच्या लेखी वादळ चार दिवसांपूर्वी आंध्रात संपलं. सरकारी महसूल नियमांच्या आरबीसी 6(4) खाली मदत मागायची तर तिथेही पंचनाम्यात कारण लिहावं लागतं. लोक "बेमौसम बारिश" लिहून मोकळे होतात.

मी काही फार मागत नाही. किनाऱ्यावरून इकडे यायला वादळाला दीड ते दोन दिवस लागतात. तेवढ्यात शेतकऱ्याला पुष्कळ करता येतं: फुटलेला कापूस वेचून घरात घेता येतो, बागेत पाणी काढायला चर मारता येतो, सोंगणी दोन दिवस लांबवता येते. फक्त ते दोन दिवस त्याच्या हातात पडायला हवेत, तालुक्याच्या नावासकट आणि किती मिलिमीटर या आकड्यासकट, मराठीत किंवा आमच्याकडच्या हिंदीत. अंदाज चुकेल, मला मान्य आहे. जमिनीवर आलेल्या वादळाचा पाऊस कुठे पडेल हे वाऱ्यापेक्षा सांगायला अवघड. माझ्याच सांगण्यावरून एकदा वाडीतल्या बायांनी दिवस मोडून ओलसर कापूस वेचला आणि नंतर आठवडाभर लख्ख ऊन पडलं. त्यावरून मला अजून टोमणे बसतात. ते चालतील.

परवा रेडिओवर पुन्हा अंदमान लागलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं, पण तो जुना प्रश्न विचारला नाही. दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "अजून कमकुवत झालं का नाही जी ते?" मी म्हटलं, झालं, सकाळच्या बातमीत सांगितलं. मामा सुतळीचा गुंडा शोधायला घरात गेले.