वळणावर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्यास



हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहितो आहे. तुम्हाला तोंडी सांगून झालं, तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढून झाला, वाहतूक शाखेत अर्ज देऊन झाला. दर वेळी तुम्ही हसून "काढतो की" म्हणालात आणि गाडी गल्लीच्या वळणावर तशीच राहिली. तुमचं नाव किंवा गाडीचा नंबर इथे देत नाही. पुण्याच्या पेठांत गल्लोगल्ली तुमच्यासारखे शेजारी आहेत. ज्याचं त्याला कळेल.

"जायला जागा आहे की" हे तुमचं ठरलेलं उत्तर, म्हणून आधी जागेचाच हिशेब मांडतो. आपली गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम सहा मीटर. हल्लीची मोठी गाडी १.८ मीटरच्या आसपास रुंद. दोन्ही बाजूंना एकेक लागली की मधे उरतात २.४ मीटर, तेही चाकं भिंतीला चिकटवून लावली आणि आरसे मिटले तर. १०८ ची अँब्युलन्स दोन मीटरहून थोडी रुंदच असते. सरळ गल्लीत ती कशीबशी निघेल, पण वळायला तिला जास्त जागा लागते आणि नेमकी तिथेच तुमची गाडी उभी. आगीचा मोठा बंब अडीच मीटरच्या घरातला. तो तर पुढे सरकणारच नाही. रिक्षा निघून जाते एवढ्यावरून रस्ता मोकळा ठरत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स वेळेत पोहोचली, ती वळणापर्यंतच. ड्रायव्हरने खाली उतरून तुमच्या गाडीचा आरसा मिटला, फट हाताने मापली आणि मान हलवली. तुमचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. गाडी ढकलून बघितली, पण ती गिअरमध्ये होती. मग स्ट्रेचर घरापर्यंत आणलं. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर त्याची चाकं अडकायला लागली, तेव्हा आम्ही चौघांनी ते उचललं. एका मुलाने आईच्या तोंडावर छत्री धरली होती. तुमच्या गाडीपाशी आलो, तर पलीकडे दुचाकींची रांग. चौघांना स्ट्रेचर धरून नीट पुढे जाता येईना. आई त्या अवस्थेतही म्हणत होती, "सावकाश, त्यांच्या गाडीला ओरखडा जाईल."

आई वाचली. तुम्ही दवाखान्यात शहाळी घेऊन आलात, तिच्या उशाशी बसलात, आपुलकीने चौकशी केलीत. त्याच संध्याकाळी मी घरी आलो, तर गाडी पुन्हा वळणावर. खरं सांगतो, त्या रात्रीपेक्षा ही संध्याकाळ मला जास्त लागली. तुम्हाला आईची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. पण जिची काळजी वाटते तिचीच वाट आपण अडवतो आहोत, हे तुमच्या मनाला शिवलंही नाही.

जागा नाही म्हणावं, तर तीही आहे. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर नकाशात पार्किंग आहे. तुमच्या वाट्याच्या जागेत जुनं कपाट, बंद पडलेला कूलर आणि खोक्यांची थप्पी आहे. म्हणजे भंगाराला छप्पर आणि गाडीला सार्वजनिक रस्ता!

व्यवस्था चुकली आहे, हे मलाही मान्य आहे. पेठांतले वाडे पाडून इमारती झाल्या, बिऱ्हाडं वाढली, गाड्या वाढल्या, गल्ल्या तेवढ्याच राहिल्या. महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलेलं पार्किंग धोरण रेंगाळलं. गाडी घेण्याआधी ती ठेवण्याची जागा दाखवायला लावणारा कायदा जपानने १९६२ मध्ये केला. आपल्या परिवहनमंत्र्यांनी तसा विचार बोलून दाखवायला २०२५ उजाडलं. पण रिकामी होऊ शकणारी जागा ज्याच्या घराखाली आहे, त्याने सरकारकडे बोट दाखवू नये.

धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभं करू नये, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ सांगतं. वळणावर गाडी लावायला तर नियमांत स्पष्ट मनाई आहे. पहिल्या खेपेचा दंड पाचशे रुपयांपर्यंत, म्हणून तुम्हाला त्याची धास्ती वाटत नसेल. मलाही तुमचे पाचशे रुपये जायला नको आहेत. आपल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आहेत, एक सून गरोदर आहे, तुमच्याच घरी तुमचे वडील आहेत. पुढची अँब्युलन्स कोणाच्या दारात येणार आहे, हे तुम्हालाही ठाऊक नाही.

येत्या रविवारी सकाळी मी आणि माझा मुलगा तुमच्याकडे येतो. कपाट, कूलर, खोकी हलवायला हात लावू. त्या दिवसापासून गाडी आत लावा, आणि पाहुण्यांचीही वळणावर लावू देऊ नका. कधी रस्त्यावर लावावीच लागली, तर काचेवर फोन नंबर ठेवा आणि रात्री फोन उचला.

हे झालं नाही, तर मी रोज फोटो काढून तक्रार करीन, गाडी उचलून नेईपर्यंत पाठपुरावा करीन. तेव्हा शेजारधर्माची आठवण मला करून देऊ नका. तो पाळायची पाळी आता तुमची आहे.

आपला,
वळणापलीकडचा शेजारी