बँकॉकचा फोटो आणि पाच लाखांचा माल



मागच्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. घाटंजीकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. "सर, एका स्कीममध्ये दीड लाख भरतोय. त्यांच्या लीडरचे दुबईचे फोटो पाहिले, गाडी पाहिली. पोरगा दोन वर्षांत कुठं गेला पाहा!" मी म्हटलं, "अरे, फोटो सोड, त्याचा हिशोब पाहिला का?" तो म्हणाला, "सर, तुमच्या पण व्हिडिओवर बँकॉकचा फोटो आहे ना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज ते लिहून देतो.

तो फोटो खरा आहे, त्यामागची गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. आमचं दुकान मोटरपंप, पाइप, केबल, स्टार्टरचं. 2017 च्या हंगामात एका कंपनीची डीलर स्कीम होती: मार्चपर्यंत 18 लाखांचा माल उचला, थायलंडची ट्रिप फुकट. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. कापसाचाच पैसा आला नाही, तर शेतकरी नवा पंप कशाला घेईल? मार्च आला तेव्हा माझी विक्री 13 लाखांवर अडकली होती. पण ग्रुपवर रोज बीचचे फोटो पडत होते. मी सीसी लिमिटमधून उरलेला 5 लाखांचा माल उचलला आणि टार्गेट पूर्ण केलं.

वर्किंग कॅपिटल म्हणजे काय, हे मी बीबीएच्या पेपरात लिहून मार्क घेतले होते बरं का!

आता हिशोब पाहा. तो माल वर्षभर हलला नाही. 12 टक्क्यांनी व्याज 60,000 रुपये. नंतर खरेदीच्या भावाखाली काढला, तिथं 45,000 गेले. एकूण 1,05,000. तेही ट्रिप एकट्याची. एवढ्या पैशात बायकोला घेऊन स्वतःच्या खर्चानं जाऊन आलो असतो. आज मुलगी अल्बम पाहते आणि विचारते, "बाबा, यात आई कुठाय?"

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परदेशातला फोटो हा धंदा चालल्याचा पुरावा नाही. तो फार तर तिकीट निघाल्याचा पुरावा आहे. तिकिटाचा पैसा नफ्यातून आला, कर्जातून आला, की तुमच्यासारख्या दहा जणांच्या भरणीतून आला, हे फोटोत दिसत नाही. जो तुम्हाला ताळेबंद दाखवायच्या ऐवजी समुद्र दाखवतो, त्याच्यापासून दोन हात लांब राहा. त्यात मीही आलो. तो थंबनेल मी काढून टाकलाय.

मग फिरायचंच नाही का? तसं अजिबात नाही. मी तर म्हणतो, धंदेवाल्यानं फिरलंच पाहिजे. फक्त काय घेऊन परत येतो, ते महत्त्वाचं. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' 1960 साली पुस्तक म्हणून आलं. त्यात शि. द. फडणीसांची चित्रं आहेत. सेल्फीशिवाय ते इंग्लंड आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, कारण लेखकानं माणसं पाहिली होती. डॉ. मीना प्रभूंनी 'माझं लंडन'नंतर तुर्कस्तान, चीन, इजिप्त, मेक्सिको अशा एकेका देशावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि मी? पाच दिवसांत चारशे फोटो काढले आणि जवळपास सगळ्यांत मीच!

त्या चारशेंतला एकच फोटो मला कामाला आला, तोही चुकून. माझ्या मागे एक छोटं दुकान आलंय आणि त्यात प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलाय. घरी आल्यावर ते लक्षात आलं. आपल्याकडे गिऱ्हाईक भाव विचारायला लाजतं, "पाहून येतो" म्हणून निघून जातं. मी होल्डर, टेप, क्लॅम्प, वायर, सगळ्या किरकोळ मालावर भावाच्या चिठ्ठ्या लावल्या. लोक स्वतः हात लावून माल उचलू लागले. खर्च किती? एक मार्कर आणि चिठ्ठ्यांचं पाकीट.

तेव्हा पुढच्या वेळी यात्रेला जा, लग्नाला हैदराबादला जा, नाहीतर विमानानं जा, एवढं करा. दहा फोटो स्वतःचे काढा, दहा दुकानांचे: भाव कसा लिहिलाय, माल कसा मांडलाय, पॅकिंग कसं आहे. दुकानदाराला विचारून काढा. रात्री झोपायच्या आधी प्रत्येक फोटोबद्दल वहीत एक ओळ लिहा. घरी आल्यावर त्यातली एकच गोष्ट आठ दिवसांत करून पाहा. आणि स्कीमची ट्रिप असेल, तर टार्गेटच्या आधी स्वतःला विचारा: ट्रिप नसती तर एवढा माल मी उचलला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर ती ट्रिप फुकट नाही.

शेवटचं. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा 44 नंबरचा हायवे आपल्या पांढरकवड्यावरून जातो. टिपेश्वरचा वाघ पाहायला लोक कॅमेरे घेऊन सुन्ना गेटवर येतात. तिथलाच एक वाघ 2019 मध्ये निघाला आणि चालत चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला! आपण बँकॉकचे फोटो काढत बसलो आणि लोक आपल्या दारात फोटो काढायला येताहेत. त्यांना सकाळी सहाला गरम चहा, स्वच्छ संडास आणि भाव लिहिलेला नाश्ता कुठं मिळतो? केसरी पाटील शाळेत शिक्षक होते. प्रवाशाला काय लागतं ते त्यांनी ओळखलं आणि 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू केली.

त्या घाटंजीच्या मुलानं दीड लाख अजून भरलेले नाहीत. रविवारी दुकानावर येतोय. मी त्याला फोटो दाखवणार नाही, माझी 2018 ची खतावणी दाखवणार आहे.

तुमच्या मोबाइलमध्ये असा एखादा कामाचा फोटो आहे का? आज रात्री शोधा.